टिकटिक येतेच आहे

आईनं गरब्याची पहिली ओळ घेतली. सूर असा नेमका लागला की अमोघच्या अंगावर शहारा आला, आणि त्या सुराच्या मागून परत तेच. टिक, टिक, टिक. अमोघनं कपाळावर हात मारून घेतला.

आईनं लयीत गावं म्हणून ठेक्याची टिकटिक तो तिच्या कानात सोडत होता. ती कानातच राहावी, तर मेली बाहेर पडून थेट माइकमध्ये शिरत होती! म्हणून तर जाळीच्या पाठीचे जुने हेडफोन बाजूला ठेवून त्यानं फतेगंजहून हे बंद पाठीचे आणले होते. "अंदरनो अवाज अंदर ज रहेशे," दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता. कसला राहतोय!

त्यात सुभाषभाईंचा फोन. नवरात्र मंडळाचं सगळं तेच बघायचे. दरवर्षी सुरुवातीचा गरबा आई, म्हणजे त्यांच्या वसुंधराबेन, मांडवात उभी राहून गायची. यंदा मंडळाला तो रेकॉर्ड करून हवा होता. "सांज सुधीमां मोकली देजो, भाई. अवाज चोख्खो जोइए. नहीं तो मैथिली पासे गवडावी लईशुं." संध्याकाळपर्यंत स्वच्छ आवाजातलं गाणं गेलं नाही, तर मैथिलीकडून गाऊन घेणार.

मैथिली म्हणजे आईचीच शिष्या. गुणी पोरगी, पण म्हणून काय झालं?

"काय म्हणाले रे?" आईनं आतून विचारलं.

"काही नाही. घाई करतायत."

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या त्या आतल्या खोलीत खिडकीला गोधड्या टांगलेल्या आणि पंखा बंद. माणूस नुसता उकडून निघत होता. अमोघची मात्र आत-बाहेर, आत-बाहेर चालली होती. त्यानं मखमलीचे पॅड काढून चामड्याचे चढवले. कपच्या आत फेल्टची जाड चकती कापून बसवली. डोक्यावरची पट्टी वाकवून घट्ट केली. तरी टिकटिक येतेच आहे.

"आई, कुड्या काढ. त्यांच्यामुळे पॅड नीट टेकत नाही."

"लग्नापासून कानात आहेत त्या."

"गाण्यापुरत्या गं."

आईनं पुटपुटत कुड्या काढून वाटीत ठेवल्या. पुढच्या खेपेला त्यानं चष्माही मागितला. दांडीमुळे फट राहते म्हणाला.

"आता दातही काढून देऊ का हातात?"

दर वेळी तो हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघायचा. आवाज अगदी बेताचा, कुठं गळती म्हणून नाही. बाहेर जाऊन दार लावलं, आई गायला लागली, की टिक, टिक, टिक. पाच वाजत आले होते. अमोघचं डोकं फुटायची वेळ आली.

शेवटी त्यानं रेकॉर्डिंग चालूच ठेवलं आणि दार हळूच ढकलून आत गेला.

टिकटिक त्याला उंबऱ्यातच ऐकू आली. आई पाठमोरी बसली होती. हेडफोनची वायर जोडलेल्या, स्टुलावरच्या छोट्या डबीचं आवाजाचं बटण तिनं पार टोकापर्यंत फिरवलेलं होतं. दोन्ही तळव्यांनी तिनं हेडफोन कानांवर दाबून धरले, मग एक हात सोडून बटण आणखी फिरवून पाहिलं. ते पुढं जाईना. तेवढ्यात कपाटाच्या आरशात तिला तो दिसला, आणि तिनं चटकन बटण मागे आणलं.

कुकरच्या न मोजलेल्या शिट्ट्या, दारावर ताटकळलेला दूधवाला, फोनवर "बडोद्याची रेंजच भिकार" म्हणून वैतागणारी आई. अमोघला सगळं एका क्षणात आठवलं.

त्यानं समोर येऊन तिच्या कानांवरून हेडफोन उतरवले. "कधीपासून, आई?"

"काय कधीपासून? तुझे हे हेडफोनच मंद आहेत. जुने बरे होते." आवाज ठणठणीत होता, पण डोळे भरले होते. पदरानं ते टिपत ती म्हणाली, "सुभाषभाईंना सांगू नकोस रे. गळा अजून आहे माझा."

गळा होताच की! त्याबद्दल कुणाचं काय म्हणणं होतं?

अमोघनं हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. हात वर धरला. "माझ्या हाताकडे बघ आणि गा."

"लहानपणी तुझ्या गुडघ्यावर मी ठेका धरायचे, तसं?"

"तसंच."

"मग चष्मा दे आधी. हात दिसायला नको?"

चष्मा नाकावर आला. त्यानं पेटी तिच्याजवळ ओढून सा दाबून धरला. तिनं डोळे मिटून सूर घेतला, मग डोळे उघडून त्याच्या हातावर रोखले, आणि गायली. टिकटिक त्याच्या कानात होती, लय त्याच्या हातात, गरबा तिच्या गळ्यात. ती कुठंही अडली नाही. शेवटच्या ओळीला त्याचाच हात मागे पडला, तर तिनं मान हलवून त्यालाच सावरून घेतलं.

फाइल गेली. सुभाषभाईंचं उत्तर लगेच आलं: "एकदम चोख्खो!" अमोघनं फोन तिच्यापुढं धरला. तिनं वाचलं, परत एकदा वाचलं, आणि मग वाटीतल्या कुड्या घेऊन आरशाकडे वळली.

"म्हटलं नव्हतं मी? हेडफोनच खराब होते तुझे," फिरकी लावता लावता ती म्हणाली.

"हो आई. हेडफोनच खराब होते."

तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही. ती मान खाली घालून फिरकी फिरवत राहिली.

अमोघ उठला. वळसा घालून तिच्यासमोर जाऊन बसला, तिनं वर बघेपर्यंत थांबला, आणि परत म्हणाला, "हेडफोनच खराब होते, आई."

"तेच तर सांगत होते मघापासून," ती म्हणाली, आणि हसली.