चार वाजेपर्यंत

माझा हात वर होताच पांढरी गाडी शिस्तीत कडेला आली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, काच खाली घेतली, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. घाटातल्या चौकीवर माझा पहिलाच दिवस. असा शहाणा माणूस भेटला म्हणून मी खूश झाले.

"कागद दाखवू, मॅडम?"

लायसन्स दमट होतं, त्याला लाल माती चिकटली होती. मागे वऱ्हाडाची बस हॉर्नवर हॉर्न देत होती, म्हणून तारीख न बघताच मी टपावर थाप मारली. गाडी गेली, पाठोपाठ बसही.

हवालदारकाका चहा घेऊन आले आणि थबकले. "पांढरी गाडी सोडलीस? अगं, त्याला चार वाजेपर्यंत अडवायचं असतं. काहीही विचारत राहायचं. चारला तो आपोआप दिसेनासा होतो."

"म्हणजे?"

"अकरा वर्षांपूर्वी मीही त्याला असाच घाईत सोडला. पुढच्या वळणावर त्याच्यावर दरड कोसळली. तो लवकर सुटला, की ती पुन्हा कोसळते." त्यांनी घड्याळ पाहिलं. "त्याच्यामागून कोण गेलं?"

वळणापलीकडून बसचा हॉर्न अजून ऐकू येत होता. मग तो मध्येच तुटला.