खाण्यास योग्य

“खोटं!” असं म्हणत भिंगसाहेबांनी फाडलेल्या पोत्यात बोट बुडवलं आणि चाटलं. “अरे, ही चांगली गोड दुधाची भुकटी आहे. आणि कागदावर काय लिहिलंयस? जनावरांचं खाद्य!”

“खाद्यच आहे, साहेब,” दलाल हात चोळत म्हणाला. “जुना माल. पलीकडच्या देशात गुरांसाठी चाललाय.”

“तिथली गुरं बाटलीनं दूध पितात वाटतं?”

गोदामातले हमाल खो खो हसले. दलालानं मान खाली घातली.

भिंगसाहेबांना जकात खात्यात सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी कागदावरच्या एका अक्षरावरही विश्वास ठेवला नव्हता. लोक रेशमाला चिंध्या म्हणत, घड्याळांना खिळे म्हणत. ऐकून ऐकून त्यांना माणसांचीच शिसारी आली होती. त्यातून बंदरातून पलीकडे जाणाऱ्या जनावरांच्या खाद्याला शुल्क माफ झालं, माणसांच्या खाण्यावर मात्र टनामागे सणसणीत शुल्क राहिलं. तेव्हापासून बंदरावर उतरणारी बिस्किटंसुद्धा गुरांचीच असत.

आज शुक्रवार. सोमवारी बढतीची यादी लागणार होती. वरच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, “महिन्यात एक तरी मोठी चोरी पकडा, नाहीतर वरची खुर्ची विसरा.” भिंगसाहेबांच्या बायकोनं तर नव्या बंगल्याच्या पडद्यांची मापंही घेऊन ठेवली होती.

“नमुना प्रयोगशाळेत गेलाय, साहेब,” कारकून म्हणाला. “अहवाल येईपर्यंत थांबू या का?”

“माझ्या जिभेपेक्षा प्रयोगशाळा शहाणी का?”

त्यांनी उभ्या उभ्याच ‘जनावरांचं खाद्य’ यावर काट मारली. खाली लिहिलं, ‘दुधाची भुकटी, माणसांच्या खाण्यास योग्य’. सही केली, शिक्का मारला. दलाल रडकुंडीला आला, पाया पडला, शेवटी डोळे पुसत शुल्क आणि दंड दोन्ही भरून गेला. ट्रक निघाले. दोन देशांतला करारच तसा होता. पलीकडच्या नाक्यावर या बंदराचा कागद बघत, पोती उघडत नसत.

दुपारी वरच्या साहेबांची शाबासकी आली. त्या आनंदातला चहा संपतोय न संपतोय तोच प्रयोगशाळेतल्या बाई अहवाल घेऊन दारात उभ्या.

“साहेब, तो माल कुठाय? भुकटी भिजून कुजलेली आहे. ती वाळवून पुन्हा भरलीय. आत बुरशी आहे, उंदरांच्या लेंड्या दळल्या गेल्यात. चव लपवायला साखर घातलीय. गुरांनाही घालू नये असला माल!”

ती गोडी भिंगसाहेबांच्या जिभेवर अजून रेंगाळत होती. ते बेसिनकडे धावले, चुळांवर चुळा भरल्या, रुमालानं जीभ खरवडून काढली.

“ट्रक संध्याकाळपर्यंत नाक्यावर पोचतील,” बाई मागून म्हणाल्या. “तुम्ही एक फोन केलात तर अडवतील. नाहीतर ते पोरांच्या बाटल्यांत जाईल, साहेब.”

फोन हाताशीच होता. पण फोन करायचा म्हणजे स्वतःची सही स्वतःच खोडायची. मग पकडलेली चोरी गेली, शाबासकी गेली, यादी गेली. बंदरभर हसं होणार ते वेगळंच. सव्वीस वर्षांत एका माणसानं कागदावर जरा खरं लिहिलं होतं, आणि नेमकं तेच त्यांनी खोडलं होतं.

“करतो फोन,” ते तोंड पुसत म्हणाले. “अहवाल ठेवा आणि जा तुम्ही.”

बाई गेल्या. भिंगसाहेबांनी फोन बाजूला सारला. मग त्यांनी कागद आल्याची तारीख मारायचा आवकेचा शिक्का उचलला, त्यावरची तारीख पुढे सरकवून मंगळवारची केली आणि अहवालावर दाबली. तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ते त्यांनी गिळलं.

दार न वाजवताच दलाल आत आला. सकाळची रडवी मुद्रा कुठल्या कुठे गेली होती. त्यानं खुर्ची ओढली, समोर ऐसपैस बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

“साहेब, उद्या आणखी चाळीस टन उतरतंय. मी पुन्हा गुरांचं खाद्यच लिहितो. पकडायला तेवढे तुम्हीच या.”