विरजण

“मात्वेय गोर्लिनचं नाव गाळावं लागणार, आपा,” इल्दुस म्हणाला. तो उभाच होता. वाईट बातमी द्यायची असली की तो कधी बसत नसे.

राउझाने दोन कपांत चहा ओतला, वर दूध घातलं आणि एक कप त्याच्यापुढे सरकवला. व्होल्गाकाठच्या त्या विद्यापीठात कार्बनी रसायनाची संशोधन संस्था निघाली त्याला शंभर वर्षं होत होती. संस्थेचा इतिहास छापायचा होता, आणि हे लोढणं संचालक म्हणून इल्दुसच्या गळ्यात पडलं होतं. तो तिचाच विद्यार्थी.

“का गाळायचं?” तिने विचारलं.

“इथे असताना त्याने लिहून ठेवलंय, त्याच्या नव्या पदार्थाचे पांढरेशुभ्र स्फटिक मिळाले. त्याच्यानंतर ते कुणाला मिळाले? तुम्ही अख्खी हयात घालवलीत त्यापायी. तुम्हाला तरी मिळाले? समिती म्हणते, थाप मारली त्याने.”

“मी डोळ्यांनी पाहिलेत.”

“तुमचं काय आपा, तो म्हणाला असता तर तुम्ही व्होल्गा उलटी वाहतानासुद्धा पाहिली असती!”

या वयातही राउझाचे कान लाल झाले.

टेबलावर काचेच्या चंबूत तिने कालच बनवलेला तोच पदार्थ होता. पिवळा, दाट, चिकट. प्रयोगशाळेत त्याला ‘गोर्लिनचा मध’ म्हणत. तो बर्फात ठेवा, काचेच्या कांडीने चंबू आतून खरवडा, हातापाया पडा, तो आपला तेलच राहायचा. त्याला पहिला कण हवा होता. दुधाला विरजण लागतं, तसा अशा पदार्थाला आधीच्या स्फटिकाचा एक कण लागतो. तेवढा पडला की बाकीचं आपोआप जमतं. पण मात्वेयने देश सोडून इस्रायलला जायचा अर्ज केला, सोव्हिएत काळात ती गद्दारीच मानत, आणि त्या वेळच्या संचालकाने त्याच्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतायला लावल्या. विरजणच गेलं.

तो निघाला तेव्हा स्टेशनवर संचालकाचा माणूस हाताच्या अंतरावर उभा होता. मनातलं बोलायची सोय नव्हती. मात्वेयने गळ्यातला लोकरी मफलर काढून तिच्या हातात कोंबला. “घाल गळ्यात, थंडी आहे,” तो म्हणाला. “आणि स्फटिक पडले की कळव. लगेच कळव. मग पुढचं बघू.”

पुढचं म्हणजे लग्न. त्या माणसाला ते कळलं नाही, राउझाला कळलं.

मफलर तिने गळ्यात घातला नाही. त्याला तंबाखूचा, पिरिडीन या उग्र रसायनाचा आणि मात्वेयचा वास होता. वापरला तर तो उडून गेला असता. ती तडक प्रयोगशाळेत आली, मफलर रुंद तोंडाच्या बरणीत घातला आणि बुचाला ग्रीस लावून ते घट्ट बसवलं. जपायचं म्हणजे हवा लागू द्यायची नाही, एवढंच रसायनवाल्यांना ठाऊक असतं. तेव्हापासून बरणी वरच्या फळीवर होती. लोकांना वाटे, आत फडकी आहेत.

स्फटिक पडले नाहीत. राउझाने कळवलं नाही. तेल घेऊन कोणत्या तोंडाने लिहायचं?

पुढे सरहद्दी उघडल्या, इथली माणसं परिषदांना तिकडे जाऊ लागली. परत आली की गंमत सांगत. गोर्लिन चक्रम झालाय म्हणे. लग्नबिग्न नाही. आपल्याकडचा कुणी भेटला की एकच विचारतो, “तेल अजून तेलच आहे का?” हो म्हटलं की मान हलवतो आणि चालायला लागतो. सगळे हसत. राउझाही हसे, आणि मग उगाचच हात धुवायला जाई. गेल्या हिवाळ्यात तो वारला.

“सही घेऊन येतो समितीची,” असं म्हणत इल्दुस चहा तसाच ठेवून गेला.

राउझाने वर फळीकडे पाहिलं. मात्वेय तो मफलर गळ्यात घालूनच काम करायचा. लोकरीत एखादा कण अडकला असला तर? पण बूच उघडलं की वास जाणार. त्याचं म्हणून तिच्याजवळ दुसरं काहीही नव्हतं. वास राखायचा की नाव? तिला रडू आलं. मग तिने स्टूल ओढलं.

बूच चिकटून बसलं होतं. बरणीचं तोंड शेगडीवर धरून ऊन केलं तेव्हा कुठे ते हललं. तिने बरणीत तोंड घालून खोल श्वास घेतला. मात्वेय आला. दुसऱ्या श्वासाला नुसती लोकर होती.

चंबूवर झटकायला तिने मफलर उचलला आणि बोटांना काहीतरी टोचलं. टोकाशी काही शिवलं होतं. टाके वेडेवाकडे, पुरुषी. तिने ते कात्रीने उसवले. दोन्ही तोंडं वितळवून बंद केलेली काचेची इवलीशी कुपी निघाली. आत चिमूटभर पांढरेशुभ्र स्फटिक होते.

एकदा जरी मफलर गळ्यात घातला असता तरी कुपी हाताला लागली असती. घाल, म्हणाला होता तो. लगेच कळव, म्हणाला होता. आणि तिकडे भेटेल त्याला तो विचारत राहिला, ते तेलाबद्दल नव्हतंच.

तिने कुपी फोडून एक कण चंबूत टाकला.

इल्दुस परतला आणि दारातच थबकला. चंबू काठोकाठ पांढरा झाला होता. “आपा! जमलं की! नाव राहणार आता, कोण गाळतो बघू!” त्याने चंबू उजेडात धरला. “पण इतकी वर्षं हटून बसलं होतं हे. किती वेळ लागला?”

राउझाने मफलर गळ्याभोवती गुंडाळून घेतला होता. तिने त्याच्या कपाला हात लावून पाहिला.

“चहा गार व्हायच्या आत,” ती म्हणाली.