उजवं पाऊल

शेडमध्ये लोखंड ओतायला एक्केचाळीस पेट्या मांडल्या होत्या. चाळीस पेट्यांतल्या वाळूत गटाराच्या झाकणांचे साचे होते. एकीत शक्तिपद मान्नाच्या आईचं उजवं पाऊल होतं.

ते त्याने आदल्या सकाळी घेतलं होतं, तिरडी उचलण्याआधी. वडील गेले तेव्हा घरोघरी घेतात तसा त्यांच्या तळव्यांना अळता लावून कागदावर ठसा घेतला होता. तो उधईने खाल्ला. म्हणून ह्या वेळी शक्तिपदने कारखान्यातली सर्वांत बारीक वाळू चाळली, पेटी सायकल-व्हॅनवर घालून घरी नेली आणि आईचा तळवा तिच्यात दाबला. टाचेच्या भेगासुद्धा उमटल्या.

त्याची बहीण झरना सासरहून पोचली तेव्हा चिता विझली होती. आता ती शेडच्या दारात आपल्या पिशवीवर बसली होती. आईच्या पायांवर डोकं टेकवायचं राहिलं, एवढंच ती सकाळपासून बोलली होती.

शक्तिपद सुतकात होता. अंगावर कोरं धोतर, पाय अनवाणी. अनवाणी माणसाने वितळलेल्या लोखंडाजवळ जायचं नाही, म्हणून ओतायचं काम त्याच्याबरोबर काम करणाऱ्या खैरुलकडे आलं.

"सुतकात अंगावर लोखंडाचा तुकडा बाळगायचा असतो," मिस्त्री घोरुईबाबू म्हणाले, "तू तर अडीच किलो बाळगायला निघालास की रे!" पण भट्टीतला सर्वांत तापलेला रस त्यांनी त्याच पेटीसाठी दिला.

खैरुलने लांब दांड्याची पळी भरून घेतली आणि पेटीपाशी येऊन उभा राहिला.

"दर ईदला 'माशीमा' म्हणून ह्याच पायाला हात लावायचो मी. तिथं आता आग ओतू?"

"आग काल मी दिली. तू लोखंड ओत."

"तुझी आई, तुझा साचा, आणि पाप मात्र माझ्या डोक्यावर."

"गप ओत, निवतंय. आणि मध्ये हात थांबवू नको."

"वीस वर्षं ओततोय. मला शिकवतोस?"

ओतायचं भोक टाचेच्या बाजूला होतं. पिवळी धार आत गेली. वाळूतून शिट्टीसारखा आवाज आला, आणि बोटांच्या टोकांशी वाफेसाठी ठेवलेल्या बारीक छिद्रांतून निळ्या ज्योती निघाल्या. एकेका बोटाची एकेक. खैरुलचं मनगट सरळ झालं. धार तुटली. जेमतेम एक श्वास. मग त्याने उरलेलं ओतलं. भोक काठोकाठ भरलं.

शक्तिपदने ते पाहिलं.

झाकणं ओतून झाली. पाऊल निवेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. मग शक्तिपदने पेटीचा वरचा भाग उचलून बाजूला ठेवला, टाचेवर भोकात गोठून उभी राहिलेली लोखंडी दांडी सांडशीत धरली आणि वर ओढली. टाच आली. बोटं वाळूतच राहिली.

मग त्याने ती वेगळी काढली. तुटलेल्या लोखंडाची कड खरबरीत असते. ही कड गुळगुळीत, गोलसर होती. ते तुटलं नव्हतं, आधीच्या धारेला नंतरची धार जुळलीच नव्हती.

खैरुल भट्टीकडे तोंड करून बसला.

झरना पदर पसरून जवळ आली. "दे ना, दादा."

"गरम आहे अजून."

"असू दे."

शक्तिपदने दोन्ही तुकडे जमिनीवर पोत्यावर ठेवले, तळवा वर करून, आणि एकमेकांना टेकवले. टाचेच्या भेगा स्पष्ट आल्या होत्या. अंगठ्याचं कुरूपही आलं होतं. झरना गुडघ्यांवर बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि वाकली. कपाळ नेमकं कुठे टेकवावं हे तिला क्षणभर कळेना.

ती उठल्यावर शक्तिपदने कमरेला खोचलेली पोलादी पट्टी काढली. बाद झालेला प्रत्येक माल मोजूनच बाजूला टाकायची त्याच्या हाताला सवय होती. टाच साडेनऊ सेंटिमीटर. पुढचा भाग साडेबारा. टेकवूनही उरलेली फट दोन मिलिमीटर.