अंतराळयान किरकोळ

शनिवारी सकाळी वामन यानाचं दार उघडून अवकाशात गेला आणि मेला.

असं काहीही घडलं नाही. श्रद्धानं ते वाचलं, कागदाची घट्ट घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं. मग तिनं चहा ओतून घेतला.

"वाचलंस?" अनिशनं विचारलं.

"काय?"

"स्क्रिप्ट."

"कुठलं स्क्रिप्ट?"

अनिशनं टेबलाखाली पाहिलं.

इंग्लंडात, लीड्समधल्या त्या भाड्याच्या घरात ही दोघं एक वेबकॉमिक चालवायची. अनिश लिहायचा, श्रद्धा चित्रं काढायची. पृथ्वीवर कुणालाच नको असलेली माणसं एका भंगार यानातून निघालेली असतात, एवढंच कथानक. यानाचं नाव 'किरकोळ'. कॅप्टनला यान लागायचं, रोबो विजेला घाबरायचा. मिरी नावाची इंजिनियर प्रत्येक यंत्र थोबाडीत मारून दुरुस्त करायची, ती म्हणजे श्रद्धा. वामन नकाशे बघायचा. त्याला डावं-उजवं कळत नसे, पण अवकाशात ते कुणालाच कळत नसल्यामुळे त्याची नोकरी टिकून होती. तो म्हणजे अनिश. मुख्यालय पहिल्याच भागात स्फोटात उडालं होतं, तरी यानावरची मंडळी प्रत्येक गोष्टीसाठी तिथेच अर्ज पाठवायची. ऑर्कुटवर लिंक टाकून टाकून थोडे वाचक जमले होते. त्यातले बरेचसे अनिशचे मावसभाऊ होते.

"वामन का मरतोय?" श्रद्धानं विचारलं.

"कथेची गरज."

"कथेची. आपल्या रोबोनं मागच्या महिन्यात बटाट्याशी लग्न केलं. तेव्हा कुठे होती गरज?"

अनिशनं बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं. तो ते चमच्यानं काढायला लागला.

"ऑफिसवाले आमचा प्रोजेक्ट पुण्याला हलवतायत," तो म्हणाला. "मलाही हलवतायत. पुढच्या आठवड्यात."

श्रद्धाच्या कानशिलांत काहीतरी तापायला लागलं. जे तोंडानं सांगायचं, ते यानं चौकटी पाडून लिहिलं होतं, आणि वर वामनच्या मरणाची ती चित्रं काढायला तिलाच दिली होती. ज्या घरात मयत होते त्या घरानं तिरडी बांधायची नसते, ते काम शेजाऱ्यांचं. एवढी साधी गोष्ट या सांगलीच्या माणसाला कळू नये?

तेवढ्यात यतीन जिना उतरून आला. तो घरातला तिसरा भाडेकरू, आणि ट्रेनमध्येसुद्धा उलटी होते म्हणून कॉमिकमधला कॅप्टन. टोस्टवर लिंबाचं लोणचं पसरत तो अनिशला म्हणाला, "सांगितलंस का एकदाचं?"

"याला माहीत होतं?" श्रद्धानं विचारलं.

"माझ्या खोलीसाठी दुसरा माणूस शोधायचा होता," अनिश म्हणाला.

"म्हणजे आधी खोलीला कळलं."

"मी काही ऐकलेलं नाही," यतीन म्हणाला आणि टोस्ट घेऊन आला तसा वर गेला.

श्रद्धा उठली. घर गरम ठेवणाऱ्या भिंतीवरच्या बॉयलरला तिनं सणसणीत थोबाडीत ठेवून दिली. बॉयलर बंद नव्हता, चांगला चालू होता. तो बंद पडला.

"आता थंडी वाजेल," अनिश म्हणाला.

"तुला पुण्यात कशाला वाजेल?"

"श्रद्धा, मी सांगणारच होतो. तोंडानं जमेना. लिहिताना जमलं."

"आणि लिहिलंस तरी काय?" तिनं वाकून टेबलाखालचा कागद ओढला. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं. "पॅनल तीन. वामन दारात उभा राहून म्हणतो, 'बरंय, जातो.' दारातून निघताना जातो कोण म्हणतं रे? तुझी आई बाबांना पेपर आणायला जातानासुद्धा जातो म्हणू देत नाही. तूच सांगितलंयस."

"तो परत येणार नाहीये. मग खोटं कशाला बोलायचं?"

"खोटं नसतं ते. पद्धत असते."

स्वयंपाकघर हळूहळू गार होत गेलं. अनिशनं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या. श्रद्धानं पेन्सिल उचलली आणि कागद उलटा करून कोऱ्या बाजूला चौकट आखली. टेबल हलत होतं, त्यामुळे चौकट वाकडी आली. तिनं ती खोडली नाही.

चौकटीत तिनं यानाचं दार काढलं. दाराला पाठ लावून, हात उगारून उभी असलेली मिरी काढली. वामन काढला, पण दाराच्या आतल्या बाजूला. मग खालच्या कोपऱ्यात ती बारीक अक्षरात लिहायला लागली.

अनिश वाकून बघत होता. "मुख्यालय उडालंय," तो हळूच म्हणाला.

"माहितेय," ती म्हणाली आणि लिहीत राहिली.

*प्रति, मा. मुख्यालय, पृथ्वी. विषय: दिशादर्शक वामन यास यानाबाहेर जाऊ न देणेबाबत. महोदय, सदर कर्मचाऱ्यास डावे-उजवे कळत नसल्याने तो एकटा कोठेही धड पोचणार नाही. तरी त्याची बदली तत्काळ रद्द करण्यात यावी, आणि तसे करणे शक्य नसल्यास, निघताना त्याने निदान 'येतो' म्हणावे असे आदेश त्यास देण्यात यावेत, ही विनंती.*