तांत्रिक अडचण

पडदा पुन्हा काळा झाला. सोमवारची दुपार होती, म्हणजे वेळ ठरलेलीच.

कलाकृतीचं नाव होतं ‘मी’. दालनातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर एका खोलीचं थेट प्रक्षेपण चाले. पलंग, टेबल, खिडकी, माणूस नाही. खोली कलाकाराची स्वतःची, आईच्या घरातली. सगळं जग इंटरनेटवर आपापले चेहरे मांडून बसलंय, मी माझं नसणं मांडते, असं ती मुलाखतींत सांगे. समीक्षक खूश होते. इतकी निखळ पोकळी त्यांनी पाहिली नव्हती म्हणे. घर सोडल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. कॅमेरा बसवायलाही तिने माणूस पाठवला होता, आणि आईला फोनवर ताकीद दिली होती की चित्रात कुणी यायचं नाही.

आता एका मोठ्या संग्रहालयाला ती कलाकृती हवी होती. पुढच्या सोमवारी मंडळी पाहायला येणार होती. त्यांची अट एवढीच, की प्रक्षेपण अखंड हवं. आणि इथे दर सोमवारी तासभर नेट जायचं. पडद्याखाली ‘तांत्रिक अडचण’ अशी पाटी लावून लावून तिला वीट आला होता.

दालनाचा तंत्रज्ञ जुनं चित्रण पुढेमागे करत बसला होता. अडचण नेटची नाही, असं तो म्हणाला. पडदा काळा होण्याआधी पलंगावर निळी चादर होती, नंतर पिवळी. मागच्या सोमवारी उलट.

तिने तिरीमिरीत घरी फोन लावला.

“आई, खोलीत जाऊ नकोस म्हटलं होतं ना?”

“चित्रात येऊ नकोस म्हणालीस. म्हणून तर आधी नेटचं बटण बंद करते.”

तिथे कुणी झोपत नाही तर चादर बदलायची कशाला, असं तिने विचारलं. 

“मी झोपते ना,” आई म्हणाली. “घटकाभरच. चादर चुरगळते, ती तुला दिसायला नको म्हणून बदलते.”

 बरं, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. तंत्रज्ञाने काय झालं विचारलं, तर ती पडद्याखालची पाटी सरळ करू लागली.

सोमवारी संग्रहालयाची मंडळी अगदी वेळेवर आली. पडदा काळा होता. त्यांनी घड्याळं पाहिली, कॉफी घेतली, पुन्हा घड्याळं पाहिली. पडदा काही उजळेना आणि कलाकाराचाही पत्ता नव्हता. तंत्रज्ञाने घाम पुसत तिच्या मोबाइलवर फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

फोन आईने उचलला.

“हळू बोला,” ती म्हणाली. “झोपलीय ती.”