सेव्ह न केलेलं काम

प्रशांतच्या तेराव्याला आलेली शेवटची पाहुणी शिराळ्याच्या एसटीत बसली आणि आष्ट्याच्या घरात क्रांती एकटी उरली. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत रुजू व्हायचं होतं. नवरा-बायकोत मिळून एकच लॅपटॉप होता, लॉगिन मात्र दोघांचं वेगवेगळं. तिनं आपलं उघडलं, झालेल्या रजेचा अर्ज टाइप केला आणि लॅपटॉप बंद करायला गेली, तर पडद्यावर अक्षरं आली : ‘या कॉम्प्युटरवर अजून कुणीतरी काम करत आहे. आता बंद केल्यास त्यांचं सेव्ह न केलेलं काम जाईल.’

तिचा हात तिथंच थांबला. ज्या दुकानातून दोघांनी लॅपटॉप आणला होता, तिथं तिनं फोन लावला.

दुकानातली स्वप्ना हसली. “घाबरू नका मॅडम, बिघाड काय न्हाई. सरांचं लॉगिन अजून चालूच हाय, त्यांचं काम तसंच उघडं ऱ्हायलंय. तेवढं सेव्ह करून बाहेर पडायला सांगा की त्यास्नी.”

“सांगते,” क्रांती म्हणाली.

फोन ठेवून तिनं ‘रद्द करा’ दाबलं आणि लॅपटॉपला चार्जर लावला.